पावसाचा हत्ती

गद्रे सरांनी पेढ्यांचा बॉक्स माझ्या टेबलावर ठेवला, झाकण काढलं आणि वरच्याच पेढ्यावर बसलेली माशी बोटानं उडवली. मग तोच पेढा उचलला, उलटा केला आणि माझ्यासमोर धरला.

"घ्या, खैरमोडेबाई. तोंड गोड करा आणि सही करून टाका."

"सर, त्याच्यावर माशी होती."

"गेली की."

"गेली. पण आली तेव्हा पाय धुऊन आली होती का?"

सर मोठ्यानं हसले. आधीच्या पेढ्याचा पिवळा चिकटा त्यांच्या दाढेला लागलेला, तो सगळा दिसला. मी पेढा घेतला, कागदात गुंडाळला आणि म्हटलं, "आज उपास आहे."

"बुधवारी कसला उपास?"

"नवसाचा. आमच्या गावच्या पाटलाच्या म्हशीला दात आला होता सोन्याचा, तेव्हापासून धरलाय."

थाप होती, हे काय सांगायला पाहिजे का? मी थापाडी. तेव्हाही होते, आता नातवंडं झाली तरी आहे. आख्ख्या संस्थेला माहीत होतं. पण माझ्या थापेचा एक कायदा आहे. थापेला शेपूट ठेवायचं, बाहेर, सगळ्यांना दिसेल असं. माझ्या आजोळी एवढा पाऊस पडायचा की बेडूक दारात छत्री मागायला यायचे, असं मी सांगते तेव्हा ती छत्री म्हणजे शेपूट. ऐकणाऱ्यानं ते धरून ओढावं, थाप धपकन खाली पडावी आणि दोघांनी मिळून हसावं. शेपूट कापून सांगितली तर ती थाप राहत नाही. तिला दुसरं नाव आहे, आणि ते घेतलं की मला चूळ भरावी लागते.

माझं कामच थापा पकडायचं होतं. पुण्यातल्या एका टेकडीवर आमची हवामानाची संस्था. परदेशातली मोठमोठी मॉडेलं आख्ख्या पृथ्वीचं पुढचं हवामान मांडायची. त्यांच्या हिशेबात आपलं राज्य म्हणजे चार-सहा ढोबळ चौकोन. त्यात घाट कुठला न् पठार कुठलं, काही कळायचं नाही. म्हणून आम्ही आपल्या राज्यापुरती खिडकी आखायची, तिच्यात बारीक चौकोन पाडायचे आणि संगणकाला महिनोन्‌महिने राबवून पुढच्या पन्नास वर्षांचा रोजचा पाऊस, रोजचं ऊन काढायचं. तो सगळा डेटा मग माझ्याकडे. मी त्यातली घाण शोधायची. कुठं पाऊस शून्याच्याही खाली गेलाय. कुठं पहाट दुपारपेक्षा गरम झालीय. एका मॉडेलात तर दर महिना तीस दिवसांचा. फेब्रुवारीलाही तीस तारीख! माझा नवरा म्हणायचा, "मंदा, तुझा वाढदिवस त्याच दिवशी करत जाऊ, कधी यायचाच नाही."

पण सगळ्यात मोठी घाण खिडकीच्या कडेला असते. बाहेरचं ढोबळ हवामान तिथून आत ढकललेलं असतं, आणि आतल्या बारीक हवामानाशी त्याचं जमत नाही. दोन सवतींसारखं. तिथं वाट्टेल तसा पाऊस कोसळतो. म्हणून ती कड कापून टाकायची. करंजी भरली की कातण फिरवून वेडीवाकडी कड काढून टाकतो ना, तसं. जो कड कापत नाही त्याच्या करंजीत दात अडकतात.

"सही, बाई," सर म्हणाले. "संध्याकाळी पाहुणे येणार. खात्याचे मंत्री, सचिव, सगळे. हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर पन्नास वर्षांचा पाऊस सिनेमासारखा सोडतोय मी."

"मी अजून बघितला नाही, सर."

"बघायचं काय त्यात? तपासणीचा प्रोग्रॅम रात्रभर चाललाय. सगळं हिरवं."

हिरवं म्हणजे पास. कागदभर हिरवे ठिपके. मला शेवाळ आठवलं.

"हिरवं असलं तरी मी एकदा नजर घालते."

"घाला. दुपारपर्यंत." सर बॉक्स तिथंच उघडा ठेवून गेले.

मी पाऊस सुरू केला. माझी ती सवय होती. लोक आकडे बघतात, मी पाऊस चालताना बघायचे. पाऊस चालतो, खरंच. कोकणातून घाट चढतो, वर येऊन दमतो. आणि विदर्भात तो उलटा येतो, पूर्वेकडून, बंगालच्या उपसागरातून. आधी गोंदिया-गडचिरोली भिजतं, मग नागपूर, मग पुढं.

पडद्यावर मात्र पूर्वेच्या टोकाला पाऊस आत येतच नव्हता. टोकाचा सगळा पट्टा एकदम भिजायचा, एकदम सुकायचा. शाळेतली पोरं कवायतीला उठतात-बसतात तसा. एक चौकोन उठला की शेजारचे सगळे उठले. मी पुढचं वर्ष लावलं. तेच. त्याच्या पुढचं लावलं. तेच. माझ्या अंगावर काटा आला, पाल अंगावर पडल्यावर येतो तसा.

मी चेतनाला हाक मारली.

चेतना कापगते. गोंदियाच्या बाजूची, कवळेटोला नावाच्या गावची. गद्रे सरांच्या हाताखाली पीएचडी करत होती आणि हे मॉडेल तिनंच चालवलं होतं. अंगानं काडी, पण संगणकापुढं बसली की उठायची नाही. जातीनं कोहळी. तिच्या पूर्वजांनी तिकडचे तलाव बांधले, राजांच्या काळात, हे ती पहिल्याच दिवशी सांगायची. थाप मारता यायची नाही तिला. मी मारली तर खरी समजून बसायची.

"चेतना, ही पूर्वेची कड कापली नाहीस?"

ती पडद्याकडं बघेना. "कापली जी, मॅडम."

"मग हा पाऊस कुठून आला?"

"कड कापली तर तो पट्टा पांढरा राहते. सर म्हणाले, राज्याचा नकाशा उंदरानं कुरतडल्यासारखा दिसेल मंत्र्यासमोर." ती ओढणीचं टोक पिळायला लागली. "खिडकीच छोटी आखलेली आहे जी मुळात. सरांनी आखली, मी यायच्या आधी. संगणकाचा वेळ वाचवाले. परत चालवाचं तर वर्ष जाईल."

"म्हणून?"

"म्हणून शेवटचा जो चौकोन चांगला होता, त्याचाच पाऊस पुढं ओढला. टोकापर्यंत."

"आणि एकसारखे चौकोन प्रोग्रॅमला कसे सापडले नाहीत?"

ती अगदी हळू बोलली. "सर म्हणाले, चिमूटभर मीठ टाक. प्रत्येकात थोडा-थोडा फरक करून टाक, मनानंच. मग प्रोग्रॅमला वेगवेगळे दिसतात."

म्हणजे माशी उडवली आणि पेढा उलटा केला. आणि तो शेवटचा 'चांगला' चौकोनसुद्धा कडेला चिकटलेलाच. तिथला जास्तीचा पाऊस त्याच्यातही उतरलेला. तोच सगळीकडं फासला. शेपूट कापलंच, वर जखमेवर हळदही लावली, दिसू नये म्हणून. मी बॉक्सचं झाकण लावलं. वासच सहन होईना.

"तू नाही म्हणायचंस."

"माझा थिसिस त्यांच्या टेबलावर आहे जी."

तेवढ्यात दारात निमजे साहेब. जलसंधारण खात्याचे अधिकारी, साधा माणूस, कार्यक्रमाला लवकर आलेला. "मॅडम, जरा बसू का इथं? खाली हॉलमध्ये हारवाल्यांची भांडणं चाललीत."

चहा मागवला. निमजे खुशीत होते. "तुमच्या या नकाशानं आमचं काम सोपं केलं बघा. जुन्या तलावांचा गाळ काढायची योजना आहे. सगळे तलाव काही जमत नाहीत. मग वरून ठरलं, तुमच्या नकाशात जिथं पुढं पाऊस वाढतोय तिथले तलाव वगळायचे. गद्रे सरांनी आगाऊ दाखवला आम्हाला."

चेतनानं कप खाली ठेवला. "पूर्वेकडचे, साहेब? आमच्या तिकडचे?"

"ते तर भलतेच ओले निघाले की! तो टोकाचा पट्टा गेलाच म्हणायचा. आज जाहीर झालं की उद्या आदेश." त्यांनी फुर्र करून चहा प्यायला. "तुमचं गाव तिकडं का? मग नशीबवान आहात, मॅडम. पाऊसच पाऊस."

निमजे हात धुवायला गेले. चेतना खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"मॅडम, आमच्या तलावात गाळच आहे जी. वरवर पाणी दिसते. मागच्या उन्हाळ्यात आमची गाय फसली. बैल लावले, दोर लावला, निघालीच नाही. बाबा पाणी पाजत होते तिले काठावरून, ती आवाज देत होती. मग मेली तिथंच. काढता नाही आली. महिनाभर वास होता गावात. अन् त्याच तलावातून पाणी भरतात सगळे." ती वळली. "अन् मी माझ्या हातानं तिथं पाऊस भरला."

मला दोन वास एकदम आले, पेढ्याचा आणि त्या गायीचा. खोटं नाही सांगत. म्हणजे इथं तरी नाही.

मी तडक सरांच्या केबिनमध्ये गेले. चेतना मागून आली आणि दाराशीच थांबली. सर आरशात बघून टाय बांधत होते.

"सर, मी सही करणार नाही. पूर्वेचा पट्टा खोटा आहे."

"भरलेला आहे, बाई. खोटा काय? सगळे भरतात."

"तिथल्या तलावांची योजना जाणार आहे त्याच्यावर."

"तलाव मी बांधले का? आणि तिथं टोकाला कोण बघतंय?" त्यांनी गाठ वर सरकवली. "तुमच्या सहीवाचून अडत नाही. विभागप्रमुख म्हणून मी करतो सही. तुम्ही जा, गजरा-बिजरा माळून या."

तिथं माझं डोकं सटकलं. सरळ बोलणं संपलं की माझी जीभ आपोआप वाकड्या वाटेनं जाते.

"बरं, सर. तुमची मर्जी. फक्त एक सांगायचं राहिलं. मी त्याच्यात हत्ती सोडलाय."

"काय सोडलाय?"

"हत्ती. पावसाचा. त्या पूर्वेच्या पट्ट्यात. म्हटलं, तुमच्या प्रोग्रॅमच्या नजरेतून काय काय सुटतं ते बघू. सोंडेला मुसळधार, पोटाला मध्यम सरी, शेपटीला नुसती रिमझिम. मस्त डुलत चालतो, भाताच्या शेतांतून."

"आणि प्रोग्रॅम काय म्हणाला?"

"हिरवा. हत्ती पास. पाऊस शून्याखाली नाही, दिवस चुकलेले नाहीत, चौकोन एकसारखे नाहीत. हत्तीला नाही म्हणायचं असं कुठं लिहिलंय त्याच्यात?"

सरांचा हात टायवरच राहिला. "कुठल्या वर्षात?"

"आता आठवेल तर शपथ. पन्नास वर्षांत कुठंतरी. पडद्यावर येईलच की संध्याकाळी."

"बाई, ही तुमची थाप आहे."

"असेल हो. मी थापाडीच आहे. संस्थेतला शिपाईसुद्धा सांगेल."

सर माझ्याकडं बघत राहिले. मीही बघत राहिले. एकच शब्द होता, तो ते बोलतील म्हणून मी जीव मुठीत धरून उभी होते. ते बोलले नाहीत. त्यांनी दाराकडं बघितलं.

"कापगते! इकडं ये. तुझ्याकडं मूळ कॉपी असेल ना, बाईंनी हात लावायच्या आधीची? ती लाव हॉलमध्ये."

संपलं, असं मला वाटलं. त्या पोरीला यातलं काहीच माहीत नव्हतं. हत्तीचं नावही तिनं आत्ताच ऐकलेलं. तिला थाप मारता येत नव्हती, आणि तिचा थिसिस त्या टेबलावर होता, पेपरवेटखाली. मला तो दिसत होता. तिलाही दिसत होता.

चेतनानं एकदा थिसिसकडं बघितलं. मग म्हणाली, "नाही जी, सर."

"नाही म्हणजे?"

"माझ्या कॉपीतच आहे तो. मॅडमनं तिथंच सोडला."

"तू पाहिलास? हत्ती?"

"पाहिला जी." तिनं ओढणीचं टोक धरलं. "मोठा आहे. कान हालवते."

अगं बाई! कान मी सांगितलेच नव्हते.

सर खुर्चीत बसले. कपाळावर घाम आला, तो त्यांनी टायच्या टोकानंच पुसला. "काढून टाक तो पट्टा. आख्खा. आत्ताच्या आत्ता. पांढरा राहू दे." मग माझ्याकडं बोट. "आणि तुम्ही, बाई, सोमवारपासून ग्रंथालयात बसायचं. डेटाजवळ फिरकायचं नाही."

"बसते की. पुस्तकांना कड तरी सरळ असते."

संध्याकाळी हॉल भरला. हार झाले, दिवा झाला, पेढे फिरले. मोठ्या पडद्यावर पाऊस सुरू झाला. कोकण, घाट, मराठवाडा, सगळं रंगीत, आणि पूर्वेच्या टोकाला एक पांढरी पट्टी. आख्खा हॉल तीच बघत होता.

मंत्र्यांनी विचारलं, "हा कोपरा कोरा का ठेवलाय?"

सर उठले. "साहेब, ती एक तांत्रिक स्वरूपाची..."

"तिथलं आम्हाला माहीत नाही जी."

संगणकामागून चेतना बोलली होती. उभी राहून. सर तिच्याकडं असे बघत होते, की दूध सांडणाऱ्या मांजराकडंही तसं कोणी बघत नाही.

"आमची खिडकी तिथं पोचत नाही," ती म्हणाली. "तिथं किती पाऊस पडेल हे यातून सांगता येत नाही. जाऊन पाहावं लागेल."

निमजे मागच्या रांगेतून म्हणाले, "मग ते तालुके आम्हाला वगळता येणार नाहीत, साहेब. पुढच्या आठवड्यात मीच जातो." मंत्र्यांनी मान हलवली आणि घड्याळ बघितलं. त्यांना पुढं एका लग्नाला जायचं होतं. एवढंच झालं. एका गावाचं पाणी एवढ्याशा मान हलवण्यावर राहिलं.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही दोघी मागच्या जिन्यावर बसलो. मी चेतनाच्या पाठीवरून हात फिरवला. जराशानं तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "मॅडम, आता तरी दाखवा ना."

"काय?"

"हत्ती."

मी तिच्याकडं बघितलं. "कुठला हत्ती, बाळा?"

"म्हणजे?"

"मला पावसाचं मांजरसुद्धा काढता येत नाही. हत्ती कुठला काढतेय?"

तिनं तोंडावर हात ठेवला. आधी हसायला लागली, मग रडायला, मग दोन्ही. "अन् सर म्हणाले असते, दाखवा, तर?"

"तर संपलं होतं. एवढं शेपूट बाहेर ठेवलं होतं मी. 'दाखवा', एवढं एक म्हणायचं होतं. कुणीही म्हणालं असतं. तू म्हणालीस की आत्ता."

हसता हसता ती थांबली. मग तिनं जे विचारलं, ते मला अजून कधीकधी जेवताना आठवतं आणि ताट बाजूला सारावं लागतं.

"मॅडम, सरांना हत्ती पाहावासा पण वाटला नाही. मग याच्याआधी त्यांनी सही करून जे जे पाठवलं, ते कोणी पाहिलं जी?"

मी उठले. जिन्याखालच्या नळावर गेले आणि चूळ भरली. एकदा, मग परत एकदा. चव जाईना.

गद्रे सर पुढं मोठे झाले, शाली घेतल्या, वगैरे. माझी उरलेली वर्षं ग्रंथालयात गेली. चेतनानं गाईड बदलला, तिची वर्षं फुकट गेली, बोलणी खावी लागली. पण थिसिस झाला. आता ती तिकडंच नागपुरात शिकवते. तिचे विद्यार्थी सांगतात, की बाई हिरवा कागद हातात घेतच नाहीत, म्हणतात, पाऊस लाव.

दर हिवाळ्यात तिच्याकडून एक पिशवी येते. कवळेटोल्याच्या तलावातले शिंगाडे. काळे, शिंगं असलेले, चिखलाचा वास येणारे.

परवा पिशवी आली तेव्हा नातीला सांगत होते. "हे त्या तलावातले बरं का. गाळ काढल्यावर तो एवढा स्वच्छ झालाय, की मगरी काठावर टॉवेल घेऊन रांगेत उभ्या असतात."

नात सहा वर्षांची. हात पुढं केला आणि म्हणाली, "आजी, दाखव."

मी तिच्या तळहातावर एक शिंगाडा ठेवला. तिनं नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. "ईऽऽ, चिखल!"

"हो," मी म्हटलं, "एवढा मात्र खराय." आणि सोलून अर्धा तिला दिला, अर्धा मी खाल्ला.